मोटारसायकलच्या हेडलाइटची दिशा आणि ग्रामीण दुरुस्तीची परंपरा : युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात मोटारसायकल हे आज सर्वसामान्य कुटुंबाचे वाहन झाले आहे. या वाहनाचा इतिहास प्रामुख्याने कारखाने, परवाने आणि विक्री यांच्या अंगाने लिहिला गेला. त्याच्या दुरुस्तीचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात हेडलाइट वर-खाली करण्याची यंत्रणा या एका लहान भागाच्या आधारे हा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कायद्याने दिव्याच्या प्रकाशाची दिशा ठरवून दिली. परंतु वाहन रस्त्यावर आल्यानंतर ती दिशा राखण्याची जबाबदारी प्रत्यक्षात गावातील गॅरेजवर येऊन पडली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मोटारसायकल, हेडलाइट, डिपर, गॅरेज, मोटार वाहन कायदा, मराठवाडा.

१. प्रस्तावना

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील गाव आहे. येथे स्वतंत्र पोलीस ठाणे असल्याने आसपासच्या खेड्यांचे व्यवहार या गावाशी जोडले गेले आहेत. केज तालुक्यातच धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे आणि या पट्ट्यात ऊस हे महत्त्वाचे पीक आहे. एका बाजूला अंबाजोगाई व दुसऱ्या बाजूला कळंब या बाजारपेठा, मधल्या अंतरात विखुरलेली खेडी आणि रात्री दिवे नसलेले रस्ते, अशी या परिसराची रचना आहे. दवाखाना, बाजार, दूध संकलन, शेतातील रात्रीचे पाणी या सर्व कामांसाठी येथील माणूस मोटारसायकलवर अवलंबून असतो. अशा ठिकाणी हेडलाइट हा वाहनाच्या सजावटीचा भाग राहत नाही. तो जीविताशी निगडित प्रश्न ठरतो.

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात नव्या शोधांना जेवढे महत्त्व मिळाले तेवढे वापराला व देखभालीला मिळाले नाही, हा विचार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात मांडला. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मध्ये ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र व भातगिरणी यांच्या आधारे भारतातील दैनंदिन तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिला. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात मुक्तिसंग्राम, दुष्काळ व जमीनधारणा या विषयांना स्वाभाविकच प्राधान्य मिळाले. त्या तुलनेत गावच्या फाट्यावरील गॅरेज हा विषय अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. ही उणीव अंशतः भरून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

मोटारसायकलच्या दिव्याच्या विकासाचा आढावा घेणे, त्यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी समजून घेणे, दिशा बदलण्याच्या यंत्रणेतील बिघाड व दुरुस्तीचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यातून ग्रामीण गॅरेजचे ऐतिहासिक स्थान निश्चित करणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे साध्या भूमितीचा आधार घेतला आहे.

३. दिव्याचा विकास : कार्बाइड ते विद्युत दिवा

१८९४ पासून जर्मनीत हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनी मोटारसायकलचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्या काळातील व त्यानंतरच्या वाहनांवर तेलाचे किंवा कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो व तो जळून पांढरा प्रकाश देतो. हा प्रकाश चांगला असला तरी तो क्षणार्धात कमी-जास्त करण्याची किंवा खाली वळवण्याची सोय नव्हती. १९१३ मध्ये बॉश कंपनीने जनित्र व दिवा यांचा एकत्रित विद्युत संच बाजारात आणला. त्यानंतरच्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला दिवा प्रचारात आला. आज ज्याला ‘अप्पर’ व ‘डिपर’ म्हणतात, त्या दोन प्रकाशांची ही सुरुवात होय. १९६२ पासून युरोपात वाहनांसाठी हॅलोजन बल्ब वापरात आला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४ हॅलोजन बल्ब उपलब्ध झाला.

या दिव्याचे तत्त्व सोपे आहे. डोमचा आतील चकचकीत पृष्ठभाग परवलयाकार असतो. त्याच्या नाभीवर असलेल्या तारेचा प्रकाश परावर्तित होऊन समांतर रेषेत पुढे जातो. हा अप्पर. दुसरी तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि अनेक बल्बमध्ये तिच्याखाली पत्र्याची लहान ढाल असते. त्यामुळे डोमच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो व तो खालच्या दिशेने वळतो. हा डिपर. म्हणजे दोन्ही प्रकाशांतील कोन बल्बच्या रचनेतच निश्चित झालेला असतो. संपूर्ण डोम वर किंवा खाली करणे एवढेच दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती राहते. पूर्वी मोटारी व ट्रक यांच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याची प्रथा सर्वत्र दिसे. परंतु ढाल असलेल्या बल्बमध्ये डिपरचा प्रकाश वरच्या भागातूनच येत असल्याने या उपायाने उपयुक्त प्रकाशच अधिक अडवला जाई.

४. मराठवाड्यातील मोटारसायकलचे आगमन

१९४८ पर्यंत बीड हा निझामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. संस्थानात १९३२ साली निझाम राज्य रेल्वेच्या मार्ग परिवहन विभागाने बससेवा सुरू केली. मात्र खेड्यांतील वाहतूक बैलगाडीवरच चाले. रात्रीच्या प्रवासात गाडीच्या दांडीखाली कंदील टांगला जाई. गाडीवानाला रस्ता दाखवणे व समोरच्याला गाडी दिसणे ही दोन्ही कामे तो कंदील करी. बैलाच्या गतीला तो पुरेसा होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

स्वतंत्र भारतात १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. १९६० नंतरच्या दशकात म्हैसूरची जावा व एस्कॉर्ट्सची राजदूत या मोटारसायकली आल्या. पुण्यात बजाज ऑटोने इटलीच्या पियाजियो कंपनीच्या सहकार्याने स्कूटरचे उत्पादन सुरू केले व १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली. त्याच वर्षी फिरोदिया उद्योगसमूहाच्या कायनेटिकची लुना आली. परवाना पद्धतीमुळे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागत असे. त्यामुळे खेड्यात दुचाकी असणे हे शिक्षक, ग्रामसेवक किंवा सधन बागायतदार यांचे लक्षण मानले जाई.

१९८४-८५ हा या इतिहासातील निर्णायक टप्पा ठरतो. हिरो होंडा, टीव्हीएस सुझुकी व यामाहा यांच्या १०० घनसेंमी क्षमतेच्या मोटारसायकली याच सुमारास बाजारात उतरल्या. १९८५ मध्ये तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जवळील वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या भूमीतच दुचाकी तयार होऊ लागल्या. इंधनाची बचत व सुलभ कर्ज यांमुळे पुढील दोन दशकांत मोटारसायकल लहान शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचली. १९७२-७३ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून आणि डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्ते होत गेले. रस्ता सुधारला तसा वेगही वाढला. त्याच दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. वेगवान वाहन आणि काळोखाचा रस्ता अशी विसंगत जोडी या काळात निर्माण झाली. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर समोरचा झोत अधिक तीव्रतेने आदळतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

५. कायदेशीर तरतुदी व त्यांची मर्यादा

१९१४ व १९३९ च्या कायद्यांनंतर १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार वाहनाच्या दिव्यांनी समोरील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम १०६ हा प्रकाशाच्या दिशेसंबंधी आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिपवणारा नसावा, असा त्याचा आशय आहे. एक नियम प्रकाश दूर जावा म्हणतो, तर दुसरा तो कोणाच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणतो. या दोन अपेक्षांचा मेळ डोमच्या कोनात घालावा लागतो.

येथे एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. दिवा जमिनीपासून ८० सेंमी उंच आहे व त्याचा झोत १०० मीटरला १ मीटर या प्रमाणात वर चढतो आहे असे मानले, तर ८ मीटर अंतरावर तो केवळ ८८ सेंमी उंचीवर असेल, म्हणजे नियमातील डोळ्यांच्या बराच खाली. परंतु ७० मीटर अंतरावर तोच झोत बरोबर दीड मीटर उंची गाठतो. केवळ भूमितीने पाहता जवळची कसोटी उत्तीर्ण होणारा दिवा दूरच्या माणसाला आंधळे करू शकतो.

दुसरी मर्यादा तपासणीची आहे. भाडोत्री व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी ठराविक काळाने तपासणीला जावे लागते. खाजगी मोटारसायकलची नोंदणी मात्र कलम ४१ नुसार १५ वर्षांसाठी वैध असते. बीडच्या ‘एमएच-२३’ किंवा अंबाजोगाईच्या ‘एमएच-४४’ क्रमांकाची मोटारसायकल एकदा रस्त्यावर आली की पुढील १५ वर्षे तिच्या दिव्याची दिशा कोणत्याही नियमित शासकीय तपासणीत पाहिली जात नाही. या काळात तो दिवा योग्य जागी ठेवणारी व्यक्ती म्हणजे गॅरेजमधील मिस्त्री.

६. यंत्रणेची स्थित्यंतरे, बिघाड व दुरुस्ती

हेडलाइटची दिशा बदलण्याच्या यंत्रणेत तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यातील गोल दिवा पुढच्या शॉकअपवरील दोन ‘कानां’मध्ये दोन बोल्टांनी बसवलेला असे. पान्याने दोन्ही बोल्ट सैल करायचे, डोम हाताने वर किंवा खाली करायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचे, एवढीच ती कृती होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर बोल्ट सैल होणे, आटे झिजणे, मधले रबर गळून पडणे किंवा गाडी पडल्याने कान वाकणे हे नेहमीचे बिघाड होत. स्प्रिंग वायसर घालणे, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून रबराच्या जागी बसवणे, वाकलेला कान सरळ करणे हे त्यावरील उपाय. सर्व भाग लोखंडी असल्याने गावात दुरुस्ती शक्य होई. या टप्प्यातील अनेक गाड्यांत ६ व्होल्टची विद्युत व्यवस्था होती आणि इंजिनाची गती कमी झाली की प्रकाशही मंदावत असे.

दुसऱ्या टप्प्यात दिवा चौकोनी किंवा कोनाकृती झाला व प्लास्टिकच्या आवरणात बसवला गेला. १२ व्होल्टची व्यवस्था व ३५ वॉटचे बल्ब रूढ झाले. या रचनेत सामान्यतः डोम वरच्या बाजूला दोन बिंदूंवर झुलता असतो. खालच्या बाजूला एक लांब स्क्रू, त्यावर स्प्रिंग व डोमच्या कानात प्लास्टिकचा नट असतो. स्क्रू फिरवला की डोमची खालची कड पुढे-मागे होते व झोत वर-खाली होतो. नटाचे आटे गेले, स्प्रिंग हरवली, स्क्रू गंजला किंवा प्लास्टिकचा कान तुटला की डोम केवळ वरच्या आधारावर लोंबकळतो. मग प्रत्येक खड्ड्यात प्रकाश थरथरतो व शेवटी अगदी चाकासमोर तरी पडतो किंवा झाडांच्या शेंड्यांवर तरी जातो.

नट व स्प्रिंग नवीन बसवणे हा यावरील योग्य उपाय. पण हे भाग अनेकदा सुटे मिळत नाहीत. पूर्ण डोमच घ्यावा लागतो व त्याची किंमत ग्राहकाला परवडत नाही. अशा वेळी मिस्त्री तुटलेल्या कानात लोखंडी नट ठेवून तो एम-सीलने पक्का करतो आणि बॉलपेनमधील किंवा जुन्या भागातील स्प्रिंग वापरतो. ही खऱ्या अर्थाने दुरुस्ती होय, कारण स्क्रू फिरवून दिशा बदलण्याची सोय तिने परत मिळते. याउलट डोमच्या मागे रबराचा बोळा कोंबणे किंवा तो तारेने आवळून टाकणे यामुळे थरथर थांबते, परंतु झोत एकाच कोनात कायमचा अडकतो. बाहेरून पाहता दोन्ही कामे सारखीच दिसतात. ‘जुगाड’ या एकाच शब्दाखाली दोन्हींना बसवणे हे मिस्त्रीच्या कौशल्यावर अन्याय करणारे आहे.

काही दोष स्क्रूने दूर होत नाहीत. बल्बची पाकळी होल्डरच्या खाचेत नीट बसली नसेल तर तार नाभीवर राहत नाही व प्रकाश विखुरतो. जादा वॉटच्या बल्बने डोम तापून वितळतो व त्याचा मुलामा उडतो. अलीकडे जुन्या डोममध्ये एलईडी बल्ब बसवण्याची पद्धत पडली आहे. त्याचे प्रकाशबिंदू मूळ तारेच्या जागी नसल्यास झोताला कड राहत नाही आणि डिपर नावापुरता उरतो. अशा वेळी नुसता स्क्रू फिरवणारा आणि आधी बल्ब काढून पाहणारा, यांत अनुभवाचा फरक कळतो.

तिसरा टप्पा बंदिस्त एलईडी दिव्यांचा आहे. यात दिशेचा स्क्रू राहिला असला तरी बल्ब स्वतंत्रपणे बदलता येत नाही. बिघाड झाल्यास पूर्ण संच बदलावा लागतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत पेटता ठेवणे बंधनकारक झाले व हँडलवरील बंद करण्याचे बटण गेले. त्यामुळे चुकीच्या दिशेचा दिवा विझवून टाकण्याचा पर्यायही चालकाकडे उरला नाही. दिशा बरोबर असण्याचे महत्त्व यामुळे वाढले आहे.

७. भिंतीवरील रेघ व डबलसीटचा भार

दिशा बसवण्याची रूढ पद्धत भिंतीच्या साहाय्याने केली जाते. दोन्ही चाकांत योग्य हवा भरून गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर सरळ उभी करावी, चालकाने तिच्यावर बसावे, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी आणि डिपरच्या प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० ते २० सेंमी खाली येईल असा स्क्रू फिरवावा. ८० सेंमी उंचीवरील दिव्याची कड १० सेंमी खाली ठेवल्यास झोत ८० मीटरवर जमिनीला मिळतो, २० सेंमी खाली ठेवल्यास ४० मीटरवर आणि ४० सेंमी खाली घसरल्यास केवळ २० मीटरवर.

या आकड्यांचा अर्थ वेगाच्या संदर्भात कळतो. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी दीड सेकंदाच्या प्रतिक्रिया-काळात २५ मीटर पुढे जाते आणि चांगल्या ब्रेकने थांबेपर्यंत आणखी सुमारे २८ मीटर. म्हणजे अडथळा किमान ५३ मीटरवर दिसला पाहिजे. प्रकाश २० मीटरवरच संपत असेल तर सुरक्षित वेग ताशी ३० किमीच्या आसपासच राहतो. लोंबकळणाऱ्या डोमची गाडी ताशी ६० किमी वेगाने चालवणारा माणूस काळोखात अंदाजानेच जात असतो.

दुसरी बाजू भाराची आहे. ग्रामीण भागात मोटारसायकल एकट्याने क्वचितच वापरली जाते. मागे बसलेले दोघे, दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा ही नित्याची दृश्ये आहेत. दोन चाकांतील अंतर सव्वा मीटर धरले आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा केवळ अडीच सेंमी अधिक दबली, तर झोत १०० मीटरला २ मीटर या प्रमाणात वर उचलला जातो. १० सेंमी खाली बसवलेला दिवा अशा वेळी चढता होतो आणि वर पाहिल्याप्रमाणे ७० मीटरवर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून ‘गाडीवर नेहमी किती जण बसता?’ हा मिस्त्रीने विचारलेला साधा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अचूक असतो. नेहमी भार वाहणाऱ्या गाडीचा दिवा त्या भारासह बसवावा लागतो. कारखान्यात रिकाम्या गाडीवर बसवलेली दिशा या परिसराच्या वापराला पुरी पडत नाही.

ऊसतोडणीच्या हंगामात याचे गांभीर्य वाढते. उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असतात व कित्येकांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो. समोरून येणाऱ्या चढत्या झोताने डोळे दिपले की नेमकी हीच बिनदिव्याची गाडी दिसेनाशी होते. अपघात मागे बसलेल्या कुटुंबासह होतो, तर त्याला कारण ठरलेला दिवा कधीच पुढे निघून गेलेला असतो. एकाच्या गाडीतील तुटलेल्या नटाची किंमत दुसऱ्याच कुटुंबाने मोजावी, असे या प्रश्नाचे सामाजिक स्वरूप आहे.

८. गॅरेज : एक अलिखित संस्था

१९५० साली केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व त्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. तरीही खेड्यांतील बहुसंख्य मिस्त्री हे दुसऱ्याच्या हाताखाली शिकून तयार झाले. सायकल व पंप दुरुस्त करणारे हात मोटारसायकलकडे वळले. पाने देणारा मुलगा पाहून पाहून शिकला व काही वर्षांनी त्याने फाट्यावर स्वतःचे दुकान टाकले. या ज्ञानाची वही नाही, अभ्यासक्रम नाही आणि प्रमाणपत्रही नाही. म्हणून इतिहासाच्या साधनांत त्याची नोंद सापडत नाही. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था नव्या वाहनांच्या चाचण्या घेते. त्या चाचणीनंतरच्या १५ वर्षांत तोच दिवा सुस्थितीत ठेवण्याचे काम गॅरेज करते. या साखळीचे पहिले टोक कागदोपत्री नोंदलेले आहे, दुसरे नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, हेडलाइटची दिशा हा तांत्रिक तपशील असला तरी त्याचा इतिहास रस्ते, भारनियमन, ऊस व कुटुंबाचा प्रवास यांच्याशी जोडलेला आहे. दुसरा, कायद्याने प्रकाशाची कसोटी घालून दिली, परंतु खाजगी मोटारसायकलच्या बाबतीत तिच्या नियमित तपासणीची व्यवस्था केली नाही. ती पोकळी ग्रामीण गॅरेजने भरून काढली. तिसरा, लोखंडी बोल्टाकडून प्लास्टिकच्या नटाकडे व तेथून बंदिस्त संचाकडे झालेला प्रवास हा दुरुस्तीचा अधिकार गावाकडून दूर जाण्याचाही प्रवास आहे.

या दृष्टीने नट, स्प्रिंग व स्क्रू हे भाग सुटे उपलब्ध असणे, ऊस हंगामापूर्वी पोलीस ठाणे, परिवहन विभाग व महाविद्यालये यांनी भिंतीवरील खुणेची साधी तपासणी शिबिरे घेणे आणि मिस्त्रींच्या अनुभवाची मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंद करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना यातील पहिल्या टप्प्याचे काम सहज करता येईल. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक भिंत, खडू, मोजपट्टी व स्क्रू ड्रायव्हर. या साधनांनी किती गाड्यांचे दिवे जागेवर येतील, याची नोंद त्या-त्या महाविद्यालयाने ठेवल्यास पुढील संशोधनास विश्वसनीय आधार मिळेल.